स्वतःच्या चाकांवर

"क्रेन परत पाठवा," सिस्टर म्हणाल्या.

फाटकाशी क्रेनवाला हूक सोडून तयारीत उभा होता. जावयांनी हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले. "आई, गाडी भंगारातच चाललीय. लटकत गेली काय आणि चालत गेली काय!"

"मास्तरांनी चालवत आणली होती ती. अशी नाक वर करून नाही जाणार."

सिस्टरांनी चौतीस वर्षं बायकांचा वॉर्ड सांभाळला होता. त्या आवाजापुढे मोठमोठे डॉक्टर गप्प बसत, तिथे क्रेनवाल्याची काय कथा! तो हूक गुंडाळून निघून गेला.

गाडी एकोणीस वर्षं गॅरेजमध्ये उभी होती. नजर अधू झाली तेव्हा मास्तरांनी आपणहून ती आत लावली आणि मग रोज सकाळी तिच्यात बसून, भिंग धरून वर्तमानपत्र वाचायला लागले. घरात वाजलं की "मी बाहेर चाललो!" असं ठणकावून सांगत आणि गॅरेजमध्ये जाऊन स्टिअरिंग धरून बसत. तासाभराने सिस्टर चहा घेऊन जात आणि शेजारच्या सीटवर बसत. एकमेकांकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत दोघं चहा पीत. निम्मी भांडणं त्या भिंतीनेच मिटवली होती.

गेल्या वर्षी मास्तर गेले. आता घर रिकामं करून सिस्टरांना मुलीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायला जायचं होतं. गाडी मात्र कुणालाच नको होती. तिचा तळ इतका गंजला होता की सीटवर बसलं की पायांखालची फरशी दिसे.

दुपारी मिस्त्री आले. ही गाडी तरुण होती तेव्हा तेही तरुण होते आणि तिची सगळी दुखणी त्यांच्याच हातून गेली होती.

"खाली शिरायला सांगू नका, सिस्टर. गुडघे गेलेत. आत गेलो तर बाहेर काढायला क्रेन लागेल."

"ती आत्ताच परत पाठवली," जावई म्हणाले.

बॉनेट उघडलं तर आत चिंध्या, कागद आणि मास्तरांचा हरवलेला पायमोजा. "उंदरांचा चांगला संसार झालाय इथे," मिस्त्री कौतुकाने म्हणाले. इंजिन घट्ट बसलं होतं. प्लगच्या भोकांतून त्यांनी तेल सोडलं आणि तीन दिवस रोज येऊन हँडलला हिसके दिले. चौथ्या दिवशी ते सुटलं, पण पेट्रोलच्या टाकीची चाळण झाली होती. तेव्हा मिस्त्रींनी बॉनेट काढून टपावर बांधलं, तिथेच पेट्रोलची बाटली टांगली आणि विचारलं, "नळी आहे का एखादी?"

सिस्टरांनी कपाटातून सलाइनची नवीकोरी नळी आणली.

"पेट्रोल किती सोडू?" मिस्त्रींनी विचारलं.

"व्हा बाजूला," म्हणत सिस्टरांनी नळीची चकती स्वतःच फिरवली.

जावयांनी हँडल मारलं. हँडलने उलट जावयांना मारलं आणि ते थेट कुंडीत जाऊन बसले. दुसऱ्या खेपेला गाडी खोकली. तिसऱ्या खेपेला मागून काळ्या धुराचा लोट निघाला आणि गाडी धडधडायला लागली. सिस्टर आधी जावयांकडे बघून हसल्या, मग हसता हसता डोळे पुसायला लागल्या. हातात मिस्त्रींचं तेलकट फडकं आहे हे त्यांना कळलं तोवर सगळं तोंड काळं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरात निघाली. ब्रेक नव्हते, नुसता हँडब्रेक. म्हणून जावई हात वर करून पुढे चालत होते, मागे मिस्त्री गाडी हाकत होते आणि शेजारी सिस्टर, इस्त्रीची साडी नेसून, पाय वर उचलून बसल्या होत्या. काठी टेकत चाललेले एक म्हातारे गृहस्थ मागून आले, गाडीच्या बरोबरीने चालू लागले.

"कुठे निघालात?"

"इथेच, जवळच," सिस्टर म्हणाल्या. गृहस्थ मान डोलावून पुढे निघून गेले.

भंगारवाल्याने फाटक उघडलं आणि बघतच राहिला. "स्वतः चालत आलेली पहिलीच! बाई, चांगली चालतेय की. मोडता कशाला?"

मिस्त्रींनी दार उघडून तळाच्या भोकातून त्याला त्याचीच जमीन दाखवली. भिंतीकडची जागा त्याने हाताने दाखवली. मिस्त्रींनी गाडी तिथे नीट सरळ लावली आणि इंजिन बंद केलं. उतरून ते उगाचच हात पुसत राहिले.

सिस्टर उतरल्या आणि एकेका दाराशी जाऊन काचा वर करायला लागल्या. हँडल कुरकुरत होतं, मधेच अडकत होतं.

"बाई, काचा कशाला?" भंगारवाला म्हणाला. "उद्या कापायचीय ती."

"उद्या ना?" सिस्टर म्हणाल्या आणि चौथी काच वर करायला लागल्या.