माडीवरचा कापूस

त्या उन्हाळ्यात चंद्रभानच्या पोटात जे दुखत होतं त्याला डॉक्टर लागत नव्हता. धाकटा भाऊ श्रावण नजरेस पडला, की दुखायला लागायचं.

दर्यापूरपासून दोन कोसांवर दोघा भावांची घरं भिंतीला भिंत लावून उभी होती. दोन्ही एकाच वर्षी हुसेन मिस्त्रीने बांधली. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची माडी. वाटणीत आईचीही वाटणी झाली होती. दसरा ते गुढीपाडवा पार्वताबाई श्रावणकडे आणि पाडवा ते दसरा चंद्रभानकडे. सहा वर्षं यात एका दिवसाचा फरक पडला नाही. यंदा मात्र पाडवा होऊन महिना लोटला, तरी म्हातारी श्रावणच्या घरातून हलायचं नाव घेईना.

"इथं गार वाटते, बापा," ती म्हणायची. "तुयाकडं तं भट्टी लागली हाये."

खोटं काय होतं? चंद्रभानच्या भिंतीला दुपारी हात लावला तर चटका बसे. तिकडे श्रावणची बायको रागिणी आठ महिन्यांच्या पोरीला पाळण्यात टाकून निवांत तूर निवडत बसायची. ते बघून चंद्रभानच्या तळपायाची आग मस्तकात जाई. लहानपणी दुधावरची साय श्रावणला, निजायला आईची कूस श्रावणला, आणि आता म्हातारपणी अख्खी आईच श्रावणला! भावाचा गुन्हा एवढाच, की त्याचं घर गार होतं. पण जळणाऱ्याला गुन्हा लागतो कुठे?

त्याने दर्यापुरातून कूलर आणला. पण ती भारनियमनाची वर्षं होती. वीज सकाळी दहाला जायची ती दिवेलागणीला यायची. कूलर कोपऱ्यात मुका उभा राहिला. आठ दिवसांत त्याच्या बायकोने, कौशल्याने, त्यावर धुतलेले कपडे रचायला सुरुवात केली.

शेवटी त्याने हुसेन मिस्त्रीला गाठलं. मिस्त्री शिडी लावून दोन्ही माड्या पाहून आला आणि हसला.

"चंद्रभानभाऊ, घरं एकसारखीच हायेत. फरक माडीत हाये. श्रावणभाऊनं कापूस इकला नाई, पार पत्र्यापर्यंत ठासून भरला. घरानं रजई पांघरली ना! ऊन वरच अडकून रायते."

भाव चढेल म्हणून श्रावण थांबला होता. चंद्रभानने मात्र उतावळ्या नवऱ्यासारखा संक्रांतीआधीच सगळा कापूस विकून टाकला होता. भावाच्या अंगाला कापसाची खाज सुटली तेव्हा तो पोट धरून हसलाही होता.

"मंग आता कापूस आनू कुठून?"

"कापूस काहून पायजे? सोयाबीनचं कुटार, भुसा, हाये ना तुमच्याकडं? बारदान्यात भरून माडीवर थापू. पत्र्याले चुन्याचे दोन हात मारू. पश्चिमेच्या खिडकीले तुराट्यांचा आडोसा बांधू, आन वर एक झरोका पाडू, म्हंजे गरम हवा निघून जाईन."

चार दिवस दोघे राबले. पाचव्या दिवशी दुपारी कौशल्या खोलीत येऊन थबकली. "अवो, खरंच गार झालं!" ती म्हणाली.

इथे शहाणा माणूस थांबला असता. पण नुसतं आपलं घर गार होऊन चंद्रभानचं भागेना. भावाचं तापायला हवं होतं. त्याच संध्याकाळी तो श्रावणच्या ओट्यावर जाऊन बसला.

"भाव पडनार हाये म्हंते," त्याने धडधडीत थाप मारली. "बाजारात ऐकून आलो. उद्याच गाडी भर."

कोणाकडून ऐकलं, हेसुद्धा श्रावणने विचारलं नाही. थोरला भाऊ सांगतो म्हणजे झालं. दोन दिवसांत माडी रिकामी झाली आणि तिसऱ्या दिवशी श्रावणचं घर तव्यासारखं तापलं.

चंद्रभानने आईची बाज टाकली, नवा माठ भरला आणि तिला हाताला धरून घेऊन आला. म्हातारी बाजेवर बसली. वर पाहिलं, भिंतीला हात लावून पाहिला.

"गार हाये रे! शाबास." ती घटकाभर बसली, पाणी प्याली आणि उठली. "जातो मी."

"कुठं? आता तं त्याच्यापेक्षा आपलंच घर गार हाये!"

"म्हनूनच तं जातो. कापूस गेल्यापासून लेकरू घामोळ्यानं निजत नाई. रागिणीले कालपासून ताप हाये. वारा कोन घालन? पाडव्यालेच येनार होतो मी तुयाकडं. पोरीचे दात येऊन रायले होते, म्हनून रायलो. परवा गठुडंबी बांधलं होतं. कापूस असता तं आजपासून इथंच असतो."

ती गेली. गार खोलीत बाजेवर पडून चंद्रभान पलीकडचं रडणं ऐकत राहिला. ते भिंतीतून स्पष्ट येत होतं. त्याला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर, त्या रडणाऱ्या पोरीचाही हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी त्याने गावभर कुटार शोधलं. वैरणीच्या टंचाईत कोण देणार? तेव्हा तो आपल्याच माडीवर चढला, पोतं खांद्यावर घेतलं आणि भावाच्या शिडीला लागला. अशी एकेक करत सगळी पोती त्याने वाहिली. शेवटचं पोतं नेईपर्यंत त्याच्या घरात पुन्हा झळा लागायला लागल्या होत्या.

खाली उतरला तर श्रावण तांब्या घेऊन उभा. "दादा, तू सांगतलं म्हनून कापूस येळेवर गेला. आन आता सोताचं घर तापवून हे! तुये उपकार कसे फेडू?"

पार्वताबाईने पदराने चंद्रभानचा घामेजला चेहरा पुसला आणि रागिणीला म्हणाली, "पाय वो, माया दोघाईत हाच खरा जीवाचा."

हे ऐकायला तो जन्मभर टपून बसला होता. आता ऐकलं, आणि त्याला मान वर करवेना.