एका फुंकीत पेटायची चूल

मी एक जुनी फुंकणी आहे, मित्रांनो. चूल पेटवायची लोखंडी नळी. तुमच्यातल्या निम्म्यांनी मला पाहिलंही नसेल, आणि उरलेल्यांच्या पाठीत मी कधीतरी बसले असेन. मला दोन तोंडं आहेत, पण मी दुतोंडी नाही. एका तोंडानं जे येतं, तेच दुसऱ्यानं देते.

धारूरच्या बाजारात एका लोहारानं मला घडवलं. माझ्या मालकिणीच्या, चंद्रभागाबाईच्या आईनं मला तिच्या रुखवतात मांडलं, पितळी घागरीच्या शेजारी. घागरीचा तोरा काय विचारता! पण दुष्काळात घागर मोडीत गेली आणि मी घरात राहिले. लोखंडाला कोण विचारतो?

तो दुष्काळ असा, की विहिरीत पोहरा सोडला तर दगडावर खडखड वाजायचा. निम्मं गाव ऊस तोडायला निघालं, सहकारी साखर कारखान्याच्या मुलखात. मीही गेले, ज्वारीच्या पोत्यात खोचलेली.

उसाच्या कामात एकटा माणूस धरत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे कोपीपुढं, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीपुढं, चंद्रभागाबाईचे हात पिठात असायचे, म्हणून चूल पेटवायचं काम तिच्या नवऱ्याचं, शहादेवचं. बाकीचे गडी हसायचे. "काय बे, बायकोची चूल फुंकतो?"

"भाकर तर मलाच खायची हाय ना," तो म्हणायचा.

आणि काय त्याचा दम होता! दवानं भिजलेलं उसाचं पाचट असो, एकच फुंक. माझं सारं अंग थरथरायचं आणि ज्वाळ तव्याला भिडायची. आजूबाजूच्या कोप्यांतल्या बाया विस्तव मागायला आमच्याकडं यायच्या. त्या एका फुंकीसाठी मी आजही झुरते.

शहादेवला बिडीचा नाद नव्हता, हे आधी ध्यानात घ्या. पण मुकादम आसाराम उसाच्या फडात कुणाला टेकू देत नसे. नुसता बसला की शिवी. बिडी पेटवून बसला तर मात्र कुणी बोलायचं नाही, तशी रीतच होती. बिडी संपेस्तोवर बसायचं. शहादेवनं चार दिवस पाहिलं आणि बसायला मिळावं म्हणून बिडी तोंडात धरली. चंद्रभागाबाई बिडी ओढत नव्हती, म्हणून ती कधी बसलीच नाही. पुढं फडातली बिडी कोपीत आली. पहाटे माझ्याच विस्तवावर ती पेटू लागली. चुलीचा धूर तरी कुठं अमृत होता? पण तो भाकरीपुरता. बिडीचा धूर हा गडी छातीत ओढून घ्यायचा.

पहिली काही वर्षं काहीच झालं नाही. माणूस फसतो तो इथंच. मग थंडीत सकाळचा खोकला सुरू झाला. "उसाची धूळ हाय," तो म्हणायचा. मग बेडका पडू लागला. "बिडी वढली की मोकळं वाटतंय." मग एका फुंकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. मोळी गाडीत टाकून तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहायचा, जणू दम बैलालाच लागलाय. मला सगळं कळत होतं. पण मला कोण विचारतो?

एका पहाटे चूल पेटेचना.

"फुंकणी तुंबली," शहादेव धापा टाकत म्हणाला.

"काल सरपण वलं हुतं, आज फुंकणी तुंबली. उद्या माझी नजर लागंल," चंद्रभागाबाई फणकारली.

त्यानं तार आणून माझ्यातून आरपार फिरवली. काही निघालं नाही. मला डोळ्याला लावलं, तर पलीकडं उजाडताना दिसलं. चंद्रभागाबाईनं पिठाचे हात झटकले, मला ओढून घेतलं आणि फुंक मारली. चूल पेटली.

"फुंकणी चांगली हाय," ती हळू म्हणाली.

ती बाई कधी हळू बोलत नसे. म्हणूनच तो घाबरला.

त्याच आठवड्यात कारखान्यावर तपासणीचं शिबिर होतं. तिनं नवऱ्याला पुढं घातलं आणि मला कमरेला खोचलं. डॉक्टरीणबाईंपुढं मला आदळून म्हणाली, "ही चांगली हाय, तरी ह्यांच्यानं चूल पेटंना. आता कुठं तुंबलंय ते तुमीच सांगा."

बाईंनी त्याला यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं. मग मला हातात घेऊन म्हणाल्या, "बाबा, छातीत अशाच नळ्या असतात, झाडाच्या फांद्यांसारख्या. टोकाला बारीक बारीक फुगे. रोजच्या धुरानं नळ्या सुजतात, आत बेडका साठतो. फुग्यांच्या भिंती फाटून मोठे, ढिले फुगे होतात. हवा आत जाते, पण बाहेर ढकलायला जोर राहत नाही."

"बिडी सोडली तर पयल्यावानी हुईल?"

"गेलेलं परत येत नाही. पण उरलेलं पुष्कळ दिवस टिकेल."

दुसऱ्या दिवशी शहादेव फडात दमला आणि रिकाम्या हातानं बसला. आसाराम धावून आला. "बिडी न्हाई, काडी न्हाई, कावून बसला बे?"

चंद्रभागाबाईनं कोयता खाली टाकला आणि नवऱ्याशेजारी फतकल मारली. "बिडी वढायला बसतेत त्यांस्नी बोलत न्हाईस, मुकादम. आमी दम घ्यायला बसलोत. इतक्या वर्सांचे माझे दम राहिलेत, तेबी आजच घेते!"

फड हसला. आसाराम बडबडत निघून गेला. शहादेवनं पुन्हा बिडीला हात लावला नाही.

आता दोघं गावीच असतात. घरात गॅस आला आणि मी आढ्याला लटकले, काजळी आणि कोळिष्टकं पांघरून. परवा चंद्रभागाबाईनं मला खाली काढलं. ओठ आवळून हळूहळू श्वास सोडायचा, असं त्याला दवाखान्यात शिकवलंय. रिकाम्या फुंकीत त्याचं मन लागेना, म्हणून मी. विझलेल्या चुलीपुढं तो बसतो आणि मला ओठांना लावतो.

"जोर लावू नका. दुधावरची साय सरकवल्यावानी फुंका."

चिमूटभर राख हलते.

"पेटली का गं?" तो चेष्टेनं विचारतो.

"पेटली. भाकर टाकते," म्हणत ती गॅसकडं वळते आणि पदरानं डोळे टिपते. धूर तर नसतो.

मित्रांनो, मी तुंबले तर तार घालता येते. छातीत तार घालता येत नाही, तेव्हा तिथं धूर भरू नका. आणि कुणी दमून, हातात काही नसताना नुसतं बसलं असेल, तर त्याला बसू द्या.