सतरा नंबरच्या कप्प्यातली साबणाची वडी

मित्रांनो, मी एक जुना कप्प्यांचा पडदा आहे. नववीच्या वर्गात फळ्याशेजारच्या खिळ्याला मी लटकतो. बाईंनी मला आपल्या आईकडून शिवून घेतलं. कापड जुन्या पँटींचं, म्हणून माझा एक कप्पा निळा तर शेजारचा खाकी. असे छत्तीस कप्पे.

"पोरांच्या फोनसाठी एवढा खटाटोप? आमच्या वेळी छडी पुरायची," दोरा ओवताना आजी म्हणाल्या होत्या.

"छडीनं फोन सुटत नाही गं आई. लांब ठेवला की तासापुरता तरी सुटतो."

माझ्याआधी बाई शिकवत तेव्हा त्यांना समोर चेहरे दिसतच नसत, नुसते भांग दिसत. सगळ्या माना बाकाखाली. मी आलो आणि माना वर झाल्या. मुख्याध्यापकांनी माझं कौतुक केलं तेव्हा मी थोडा फुगलो होतो, खोटं कशाला बोलू? बाईंची रीत साधी होती. दारातून येतानाच प्रत्येकाने आपल्या नंबरच्या कप्प्यात फोन टाकायचा. बाई लांबूनच नजर फिरवत. कप्पे फुगलेले दिसले की तास सुरू. आत हात घालून त्यांनी कधी पाहिलं नाही. दुसऱ्याच्या खिशात हात घालू नये, असं त्यांचं मत होतं.

सतरा नंबर एका अबोल मुलीचा. मुलं तिला घुमी म्हणत. एका सोमवारी तिने माझ्यात जे ठेवलं, त्याला साबणाचा वास होता. फोनच्या कव्हरात साबणाची वडी! मी मनात म्हटलं, ही तर लबाडीत सवाई निघाली.

तास निम्मा झाला असेल. शेवटच्या बाकावर घुमीची बोटं भराभर हलू लागली. बाई तडक तिथे गेल्या आणि त्यांनी हात पुढे केला. घुमीने फोन दिला, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

फोनच्या स्क्रीनवर कारखान्याच्या गणवेशातला एक माणूस घाईघाईने हातवारे करत होता. त्याच्यामागे त्याचे साहेब ओरडत होते, "विचार त्याला, कुणाला विचारून मशीन बंद केलं? नाहीतर उद्यापासून येऊ नको म्हणावं."

"कोण आहेत हे?" बाईंनी विचारलं.

"बाबा." घुमी खाली बघत म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही. आई होती तोवर ती सांगायची साहेबांना. आता मीच सांगते."

वर्गात कुणाला हे ठाऊक नव्हतं. तिने ते तीन वर्षं लपवलं होतं. बाईंनी फोन टेबलावर वह्यांना टेकवून उभा केला. "ये इथे. सावकाश सांग. आम्ही थांबतो."

घुमी वर्गासमोर उभी राहिली. बाबांचे हात बघत ती मोठ्याने बोलू लागली. तिचा एवढा आवाज मीही पहिल्यांदाच ऐकला. "साहेब, बाबा म्हणतात, पट्टा फाटत आलाय. हात ठेवला तेव्हा मशीन वेगळं थरथरलं. अजून चाललं असतं तर पट्टा तुटून कुणाला तरी लागला असता."

साहेब बघायला गेले. मी तर जीव मुठीत धरून होतो, आणि मला मूठही नाही. थोड्या वेळाने साहेब परतले. आवाज उतरला होता. "पट्टा खरंच गेलाय. सांग त्याला, बरं केलंस म्हणावं."

घुमीने हातांनी सांगितलं. बाबांनीही काहीतरी म्हटलं आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाले गं?" बाईंनी विचारलं.

"म्हणाले, तास बुडवू नकोस."

बाईंनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवसापासून सतराव्या नंबरचा फोन बाईंच्या टेबलावर, सगळ्यांसमोर राहू लागला. बाकीचे पस्तीस माझ्यात. नियम मोडला नाही, थोडा रुंद झाला.

आता माझी शिवण उसवली आहे, खिळाही हलतो. तरी एक सल आहे. मित्रांनो, त्या सोमवारी सगळ्यांआधी मला कळलं होतं की आत फोन नाही. मी तिला लबाड ठरवून मोकळा झालो. मला तोंड नाही, मी विचारू शकत नव्हतो. तुम्हाला आहे. शेजारच्या बाकावर कुणी फार गप्प असेल, तर विचारत जा.