वजनाखालची हाक

“हात भाईर हाये का रे?”

ज्याच्या हाताखाली डोमाजी जॅकचं काम शिकला, त्या नागोराव मिस्त्रीचा हा सवाल त्याच्या कानात अजून जसाच्या तसा होता. जाडाभरडा, तंबाखूनं भिजलेला आवाज. त्यामागून वजनाखालच्या माणसाचं लांबवलेलं “भाईर जीऽऽ” यायचं, आणि मगच नागोरावाचा हात जॅकच्या चावीला लागायचा. उत्तर नाही आलं तर हा माणूस एक बिडी संपवील, दुसरी पेटवील, पण चावी फिरवणार नाही. त्याला जाऊन बारा वर्षं झाली होती. त्याचा आवाज डोमाजीला स्वच्छ ऐकू यायचा. पुढ्यात उभ्या माणसाचा येत नव्हता.

आदिलाबादच्या एका जिनिंगात, जॅकनं मशिनी उचलण्या-उतरवण्यात डोमाजीचे अठ्ठावीस हंगाम गेले. कापसातून सरकी काढणारे चाळीस रेचे एकदम खडखडायला लागले की तिथं सगळेच ओरडून बोलत. त्या खडखडीत त्याच्या कानातून एकेक आवाज निघून गेला. आधी चिमण्या गेल्या, मग पत्र्यावरचा पाऊस गेला, मग कापूस वेचून टाकणाऱ्या बायांची गाणी, आणि तीन वर्षांपासून माणसं.

कुणाला कळलं नाही. मॅनेजर तेलुगूत बोलायचे, आणि डोमाजी पंचवीस वर्षं काही न समजता मान हलवत आला होता. आता तो मराठीलाही तशीच मान हलवू लागला. टपरीवर चहाला जाणं त्यानं सोडलं. “डोमाजीबुवाले लय गर्व चढला बाप्पा,” असं एकदा त्यानं कुणाच्या ओठांवरून वाचलं आणि त्याला बरंच वाटलं. गर्व चढलेल्या माणसाला कामावरून काढत नाहीत. बहिऱ्या जॅकवाल्याला काढतात.

मागल्या नागपंचमीला लेक पंचफुला निर्मलहून आली होती. जिनिंगानं राहायला दिलेल्या पत्र्याच्या खोलीत चुलीकडे तोंड करून, भाकरी थापता थापता ती काहीबाही बोलत राहिली. पाठीवरून ओठ दिसत नाहीत. तो आपला अंदाजानं “बरं बाई, बरं” म्हणत गेला. ती वळली तेव्हा डोळ्यांना पदर होता. तिनं भाकरी झाकून ठेवली, पिशवी उचलली आणि दुपारच्या बसनं निघून गेली. तिनं काय विचारलं आणि आपण कशाला “बरं” म्हटलं, हे विचारायला तो तिच्यामागं फाटकापर्यंत गेला, आणि फाटकाला धरून उभा राहिला. त्यानंतर ती आली नाही.

घरात अंदाज खपला. जॅकपाशी तो खपत नाही. मशीन इंच-इंच उचलायचं आणि प्रत्येक इंचाला खाली सागवानी ठोकळा सरकवायचा. जॅकनं दगा दिलाच तर वजन ठोकळ्यांवर बसावं, माणसावर नाही. उतरवताना सगळं उलट. खालचा गडी वरचा एक ठोकळा काढतो, हात बाहेर घेतो, हाक देतो. मग चावी केसभर फिरवायची, की तेल मागं सरतं आणि वजन मुंगीच्या पावलानं खाली येतं. डोमाजी नेहमी अशी जागा धरायचा, की खालच्याचं तोंड दिसावं. नाहीच दिसलं, तर मनात दहापर्यंत मोजायचा आणि सोडायचा.

गेल्या साली एक रेचा उतरवताना दौलतच्या सदऱ्याची बाही ठोकळ्याच्या खिळ्यात अडकली. दौलत म्हणजे ठोकळे लावणारा, तिशीतला, तोंडाळ गडी. तो “थांबा!” म्हणून ओरडला आणि वजन थांबलं. चार बोटं वाचली. दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन तो डोमाजीच्या पाया पडला. “लोकं घन ठोकून राह्यले होते, तरी बाबानं माही हाक ऐकली! कान हायेत का काय हायेत!” तेव्हापासून तो डोमाजीला बाबाच म्हणायचा आणि गावभर सांगत फिरायचा. डोमाजीनं नारळ घेतला. फोडला नाही.

आता नवा हंगाम तोंडावर आला होता. गाठी दाबायच्या प्रेसचा एक पाय खचला होता. दोन दिवस खपून ती बाजू उचलली, खाली जाड लोखंडी पाटी बसवली. उरलं होतं उतरवणं. पण प्रेस होती खड्ड्यात, आणि ठोकळे फ्रेमच्या आड.

“बाबा, सबुरीनं घ्या बरं,” खाली उतरता उतरता दौलत त्याच्याकडे तोंड करून म्हणाला. “माही बायको आज माहेरून येऊन राह्यली. दारातच बोटं मोजून घेते ते.”

मग तो फ्रेमच्या आड गेला. वर राहिलं नुसतं गमछ्याचं टोक.

“हात भाईर हाये का रे?” डोमाजीनं विचारलं.

त्याच्यापुरतं सगळं गप्प होतं. त्यानं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. गमछ्याचं टोक हललं, थांबलं, पुन्हा हललं. हात आत घालताना हललं की बाहेर काढताना, कोण सांगणार? सातावर त्याची बोटं चावीवर ओली झाली. आठ आलाच नाही.

त्यानं चावीवरचा हात काढला.

सुपरवायझर सुधाकरराव समोर येऊन उभे राहिले. “काऊन थांबले, डोमाजी? सोडा ना!”

दौलतचं डोकं खड्ड्यातून वर आलं. कपाळाला ग्रीस, चेहरा वैतागलेला. “काय बाबा! तीनदा आवाज देला. हात भाईरच हाये माहा!” आणि त्यानं दोन्ही पंजे पसरून दाखवले.

म्हणजे हात बाहेरच होता. दहापर्यंत मोजून सोडलं असतं, तर आजही काही झालं नसतं. “घाम आला, दम घेतला,” एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. हंगाम पार पडला असता, खोली राहिली असती. आणि दौलत पुन्हा त्या फ्रेमच्या आड गेला असता, बाबाच्या कानांवर भरवसा टाकून.

“वर ये,” डोमाजी म्हणाला. “आधी वर ये तू.”

दौलत वर आला. आपला आवाज केवढा निघतोय, हे डोमाजीला कळत नव्हतं. गोदामापाशी पोती शिवणाऱ्या बाया वळून पाहू लागल्या, म्हणजे मोठाच निघाला असावा.

“मले ऐकू नाई येत, दौलत. तीन सालं झाली. त्या दिवशी तुही हाक मी ऐकलीच नोती लेका. डोळ्यात घाम गेला होता, तो पुसाले चावी बंद करून हात काढला म्या. एवढंच झालं होतं.”