नावाडणीच्या नाटकाचा शेवट

दुसऱ्याच्या चुलीवरचं कालवण ढवळायचं, पण मीठ आपल्या हाताने घालायचं नाही. विबके हार्म्सने वेझर नदीकाठच्या त्या नाटकघरात सारा जन्म हेच केलं. नाटक लिहायचं नाही, बसवायचं नाही. लिहिणाऱ्याच्या मानगुटीवर बसून प्रश्न विचारायचे. याला तिथे ड्रामाटुर्ग म्हणतात, आणि वर पगारही देतात.

यंदा तिच्या पदरात टियार्क पडला. पोराचं पहिलंच नाटक. त्याची आई आन्तये नदीवर दोर ओढून नाव चालवायची. घरी आली की लेकराला जवळ न घेता भिंतीकडे तोंड करून झोपायची. तेच सगळं त्याने लिहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर झकास लिहिलं होतं. शेवट तेवढा नासका. नाटकातला मुलगा म्हणतो, “आई, मी तुला माफ केलं.”

“माफ करणारा तू कोण रे, लाटसाहेब?” विबकेने पहिल्याच दिवशी विचारलं.

“बाई, त्या वाक्यात नाटकाचा जीव आहे. हात लावाल तर नाटक परत नेईन.”

तिने हात लावला नाही. पण पहिल्या प्रयोगाला खुद्द आन्तये समोर बसणार होती. भरल्या सभेत पोटच्या पोराने आईला गुन्हेगार ठरवायचं, आणि वर मोठ्या मनाने सोडून द्यायचं, हे विबकेच्या घशाखाली उतरेना.

त्यात जुनी रीत आडवी आली. शेवटचं वाक्य तालमीत बोलायचं नाही. बोललं की नाटक पडतं. नट तिथवर यायचे आणि मुके व्हायचे. त्यामुळे ते वाक्य टियार्कच्या कानावर एकदाही पडलं नव्हतं. कागदावरची भाकरी कधी करपते का?

प्रयोगाच्या आदल्या दुपारी विबकेने त्याला कँटीनमध्ये गाठलं. सॉसेजची ताटली बाजूला सारली.

“मी तुझी आई. म्हण ते वाक्य.”

नाटकात आईचं काम करणारी गुडरुन शेजारीच जेवत होती. ती किंचाळली, “अगं बये, बुडवतेस का आम्हाला?”

“पाप माझ्या डोक्यावर. म्हण रे.”

“आई, मी तुला...” टियार्क अडकला. मान लाल झाली. विबकेला आतून छप्पन्न वाक्यं सुचत होती; एकेक करून तिने ती गिळली. पोराच्या तोंडात घास घालायचा नाही म्हणजे नाही.

शेवटी तो टेबलाकडे बघत पुटपुटला, “आई, दोर फार जड असायचा का गं?”

गुडरुनने डोळे पुसले आणि लगेच दम भरला, “हे तरी आता पुन्हा बोलू नकोस, मेल्या!”

दुसऱ्या दिवशी मुलाचं काम करणाऱ्या नटाने माफीऐवजी तेच विचारलं आणि पडदा पडला. लोकांच्या टाळ्या थांबेनात. टियार्क मात्र आईला तोंड दाखवायला धजेना. आन्तये विबकेला शोधत बाहेरच्या दालनात आली.

“त्याला प्रश्न विचारणाऱ्या तुम्हीच का?”

“मीच.”

“मग थोडे कमी पडले. दोर जड कसला? ओला असायचा. हिवाळ्यात हाताचं लाकूड व्हायचं. असले गारठलेले हात लेकराला लावायचे कसे?”

“हे मला कशाला सांगता?” विबके म्हणाली. “तो त्या खांबामागे उभा आहे.”

आन्तये तरातरा निघाली. “टियार्क! चोरासारखा लपतोस काय? इकडे ये.”