उगवतीकडचा ठप्पा

"हुर्र! हुर्र!" करत दगडाबाई ढेकूळ उगारून धावली, पण तोवर मेंढरं राशीवरून गेली होती. कुठल्याशा धनगराचा कळप मोमिनाबादेच्या बाजाराला चालला होता. ज्वारीत दोन तोंडं मारली आणि आपल्या वाटेनं निघून गेला. मेंढरांचं काय जातंय! राशीच्या चार अंगांना ओल्या मातीचे चार ठप्पे होते, त्यातला उगवतीकडचा पार विस्कटला होता.

रास खळ्यावर पडली की विठ्ठलराव देशमुखांचा कारभारी राधाकिशन लाकडी ठप्पा मारून जायचा. मग वाटणी होईस्तोवर कुळानं दाण्याला हात लावायचा नाही. निम्मं मालकाचं, निम्मं कुळाचं. ठप्पा मोडला की चोरी, विचारपूस नाही. गेल्या साली म्हाळूचा ठप्पा कोंबड्यांनी मोडला, तर त्याला चावडीपुढं उन्हात ओणवा केला, पाठीवर धोंडा दिला आणि बापाच्या वेळेपासून कसलेलं रान काढून घेतलं. तेव्हापासून म्हाळू कुणाशी धड बोलत नाही.

शेजारच्या खळ्यावर बायनाबाई उफणत होती.

"बायने, तू बघितलंस न्हवं? मेंढरं आलती!"

बायनाबाईनं मान वर केली नाही. "म्या काई न्हाई बघितलं. मला लेकरंबाळं हायती, माय."

नवरा, मुंजाजी, मालकाला आणायला गेला होता. दुपार ढळायच्या आत येणार. राधाकिशननं रास बघून अठरा मण सांगितले होते. त्याचा अंदाज कायम चढा. रास कमी भरली आणि वर ठप्पा मोडका, म्हणजे संपलंच. दगडाबाई घराकडे पळाली. कणगीतली जुनी ज्वारी पाटीत भरली, बियाण्याचं मडकंही राख पाखडून रिकामं केलं, आणि तीन खेपांत सगळं राशीवर ओतलं.

मालक आले. राधाकिशननं आधी ठप्पा हेरला.

"ठप्पा कसा मोडला बे?"

मुंजाजी पांढराफटक पडला. दगडाबाई पदर सावरत म्हणाली, "मेंढरं घुसली, जी. दाना न्हाई गेला. मोजून बघा."

मापं पडत गेली. साडेअठरा मण! राधाकिशन खाली बघू लागला. विठ्ठलराव हसले. "चोरी असती तर कमी भरली असती. इमानी हायत." दगडाबाईचा जीव भांड्यात पडला. इतक्यात ते तिच्याकडेच वळले.

"पण काय गं, औंदा पाऊस कमी. एवढं पिकलं कसं?"

काय सांगणार? खरं सांगावं, तर घरची ज्वारी ठप्प्याच्या राशीत कालवली कशाला, हा सवाल.

"भुई चांगली हाय, मालक."

"तर मग!" विठ्ठलराव मुंजाजीकडे वळले. "पुढल्या सालापासून तिसरा वाटा तुमचा, दोन आमचे. तुझीच बायको म्हणते बे, भुई चांगली हाय."

मुंजाजीनं हात जोडले. दगडाबाईनंही जोडले.

मालकाच्या वाट्याच्या गाड्या गेल्यावर मुंजाजी उरल्या राशीशेजारी बसला. "ह्यात कसंबसं भागवू," तो म्हणाला. "कणगीतली जुनी हाय, बियाणं तर हायच."

दगडाबाई केरसुणी घेऊन मातीत मिसळलेले दाणे गोळा करू लागली.

"न्हाई ओ," ती म्हणाली, "कणगीत काईच न्हाई."