साडेसातचा अर्धा तास

कुरवंड्याच्या चिमाबाई आणि त्यांची सून प्रतीक्षा यांच्यात दिवसभरात जेवढं बोलणं व्हायचं, त्याहून जास्त एसटीचा कंडक्टर एका पाशिंजराशी बोलतो. चिमाबाईंचा मुलगा प्रितम अपघातात गेल्याला दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून सासू-सुनेत विषय एकच, आणि त्याचं नाव दोघीही घेत नसत.

पण संध्याकाळी साडेसातला ‘दोन दारांचं घर’ लागलं की दोघींची तोंडं सुटायची. मालिकेतल्या माईसाहेबांचाही मुलगा गेलेला, आणि सून मानसी माहेरी जाऊ की राहू, यात दोनशे भाग अडकलेली.

“म्हातारीनं तिला एवढं तोडून बोलू नये,” प्रतीक्षा टीव्हीकडे बघत म्हणायची.

“तिचं बी काळीज जळालंय. जीभ तेवढी वाईट हाय,” चिमाबाई टीव्हीलाच सांगायच्या.

कुणाबद्दल चाललंय, हे दोघींना पक्कं ठाऊक. तेवढ्या अर्ध्या तासात भांडण व्हायचं, माफीही मागून व्हायची, आणि कुणाला खाली बघावं लागायचं नाही.

प्रतीक्षाच्या माहेराहून, उर्शाहून, ‘घरी ये’ म्हणून भावाचे फोन वाढले, तशी चिमाबाईंना धास्ती बसली. त्यातच मालिकेचे कलाकार लोणावळ्यात एका लग्नाच्या हॉलमध्ये प्रत्यक्ष कार्यक्रम करणार असं कळलं. त्यांनी दोन तिकिटं मागवली. खुद्द मानसीच्या तोंडून ‘राहते’ एवढं ऐकलं, तर आपली सूनही ऐकेल, असा म्हातारीचा अंदाज.

माईसाहेब आल्या त्या दीड तास उशिरा, आणि नाचत. मग बायकांची संगीत खुर्ची झाली. मानसीनं पाण्याच्या टाक्यांची जाहिरात केली. गोष्टीचं नाव नाही. मागच्या रांगा उठून जायला लागल्या. शेवटी माईक प्रेक्षकांत फिरला, तेव्हा चिमाबाई उभ्या राहिल्या.

“मानसीताई, तुमी सासूला सोडून जानार न्हाई ना?”

नटी हसली. “मावशी, मला काय माहीत? सकाळी कागद देतात, तो मी बोलते. आणि ह्या सासूबाई मला शूटिंगला भेटतात कुठे? आमचं वेगवेगळं घेतात.”

माईसाहेबांनी तिला टाळी दिली. हॉल हसला. प्रतीक्षा हसली नाही. तिनं चिमाबाईंचा दंड धरून त्यांना हळूच खाली बसवलं. दीड वर्षात पहिल्यांदाच तिनं त्यांना हात लावला असेल.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मानसी बॅग घेऊन दारात उभी होती. माईसाहेब देवघरात रडत होत्या.

चिमाबाईंनी घसा खाकरला. “थांब म्हनायचंय तिला. बोलता येईना म्हातारीला.”

“कागदावर नसंल,” प्रतीक्षा तांदूळ निवडत म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. “नीट बघा आत्या. दोघी एका वेळी दिसतच नाहीत.”

चिमाबाईंनी बघितलं. खरंच, आधी ही दिसायची, मग ती. इतके दिवस कसं कळलं नाही कोण जाणे.

जाहिराती लागल्या.

“रविवारी दादा न्यायला येणार आहे,” प्रतीक्षा म्हणाली. टीव्हीकडे न बघता.

किती दिवसांसाठी, हे विचारायचं होतं. पण आता ते थेट सुनेलाच विचारावं लागणार होतं, आणि ती सवय चिमाबाईंना उरली नव्हती.

“चटणी करून देते बरूबर,” त्या म्हणाल्या.